देवरावची उघडी परात

भांडण झालं ते विहिरीजवळ. यमुताई मोटेच्या बैलांना पेंड चारत होती आणि दोघे भाऊ संत्र्याच्या झाडांत उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. कान लावून ऐकायची गरजच नव्हती. कन्हान नदीच्या पलीकडच्या काठालाही कळलं असेल.

थोरला मारोतराव घोरमाडे, म्हणजे यमुताईचा नवरा. धाकटा देवराव, नागपूरहून पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. होऊन नुकताच खाप्याला परतलेला. साल बासष्ट की त्रेसष्ट. देवरावच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती आणि पायात चिखलाला न चालणारे बूट.

भांडायचं कारण ताण. संत्र्याला बहार हवा असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. मुळाशी माती उकरायची, झाडाला मरणाचं भय दाखवायचं, आणि ते भ्यालं की मग पाणी सोडायचं. पाणी लवकर सोडलं तर नुसता पाला येतो. उशीर झाला तर झाडच जातं.

"पानी सोडाची येळ झाली हे तुले कसं समजते?" देवराव विचारत होता.

"पान पाहून."

"पान पाहून म्हंजे किती? किती वायलं म्हंजे वायलं? काई माप हाय का नाई?"

"माहा डोया हाय ना बे माप."

"अन् गेल्या साली तुहा डोया कुठी गेला होता? वरची अख्खी ओळ जळाली तवा?"

मारोतरावने हातातली बैल हाकायची तुतारी जमिनीवर आपटली. बैल दचकले. "मंग आन बे तू माप! आन, अन् मंग बोल माह्यासंगं!"

"आनतोच! पाह्यजो तू!"

यमुताईला दोघेही सारखेच वेडे वाटले. एकाला डोळ्याचा ताठा, दुसऱ्याला अजून हाती नसलेल्या मापाचा. वरची ओळ जळाली होती हेही खरं आणि देवरावला साधं आळं नीट भरता येत नव्हतं हेही खरं. मोट हाकायची होती तिने आणि बैलांनी, आणि त्या तिघांना कोणीच काही विचारलं नाही.

यमुताई लग्न होऊन घरात आली तेव्हा देवरावच्या नाकाला शेंबूड होता. सासू आधीच गेलेली. मग याला न्हाऊ घालणं, भाकर चारणं, शाळेत ढकलणं, सगळं तिच्याच गळ्यात आलं. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. तेव्हा हाच एक, आणि मारोतरावने हाताने लावलेली ती झाडं. देवरावला लहानपणापासून मोजायचा रोग. भाकरीची जाडी काडीने मोजायचा. आधणाला फुंकर घालून विचारायचा, वैनी, आता किती तपलं? ती म्हणायची, बोट बुडव, समजन.

पुढे त्याला नोकरी लागली. नागपुरात हिंगणा रस्त्याला तेव्हा एक सरकारी केंद्र होतं, संत्र्याला पाणी किती लागतं याचा शोध लावण्यासाठी काढलेलं. यमुताई पहिल्यांदा ते पाहायला गेली तेव्हा तिला एका ओळीत चार खोल्या दिसल्या. एक पाण्याची, एक मातीची, एक रोगाची आणि शेवटची, जिला पडदा होता आणि पंखाही होता, ती धोरणाची.

"धोरन म्हंजे काय गा देवबा?"

"म्हंजे सगळ्या शेतकऱ्यायनं काय कराव, ते ठरवनं."

"अन् मंग शेतकरी काय करतेत?"

"ते करतेत, आपन ठरवलं ते."

"बरं हाय," यमुताई म्हणाली. "त्यायलेही काई काम पायजेच."

पाण्याच्या खोलीत देवराव बसायचा. बसायचा म्हणजे खुर्ची होती, पण तो असायचा बाहेर, त्या परातीपाशी. त्या वस्तूचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. केंद्रातले चपराशीसुद्धा तिला परातच म्हणायचे. लग्नाच्या पंगतीला भात उपसतात त्याहून मोठी, पांढरा रंग दिलेली, लाकडी पाटांवर ठेवलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली. रोज ठरल्या वेळी त्यातलं पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. जेवढं खाली गेलं तेवढं ऊन-वाऱ्याने उडवलं. आणि ऊन-वारा परातीतून जेवढं पाणी ओढतो, त्याच मापाने तो झाडाच्या पानांतूनही ओढतो, असा देवरावचा हिशेब. मारोतरावने आणायला सांगितलेलं माप ते हेच.

त्या परातीवर तारेची जाळी असायची. सगळ्या देशात अशा पराती आणि सगळ्यांवर जाळ्या. देवरावने ती काढून टाकली.

"काहून काढली?" यमुताईने विचारलं.

"जाळीनं वारा अडते, वैनी. सावली पडते. पानी उडाले पायजे तेवढं उडत नाई. मंग ते माप खोटं झालं का नाई?"

हे खरंच होतं. जाळीने पाणी कमी उडतं, यात कोणाचं दुमत नव्हतं. देवरावने चार पानं गणित करून ते सिद्ध केलं, आणि ती जाळी त्याने तिथेच लिंबाच्या खोडाला टेकवून ठेवली. वर्षानुवर्षं ती तिथे गंजत राहिली. ती जाळी तिथे मुळात कोणी आणि कशाला बसवली असेल, असं विचारायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पदार्थविज्ञानात तो धडा नसावा.

मारोतराव अडुसष्ट साली कावीळ होऊन गेला. शेवटच्या आजारात देवराव उशाशी बसून त्याला परातीचे आकडे वाचून दाखवायचा. मारोतराव डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं, बरं. पन पान पाह्यत जाय."

देवरावने लग्न केलं नाही. दोनदा मुलगी पाहायला गेला. एका मुलीला विचारलं, तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती हात राहते? ती बिचारी रडायला लागली. दुसरीकडे यमुताईने त्याला गप्प बसायला बजावलं, तर तो इतका गप्प बसला की मुलीकडच्यांना वाटलं मुका आहे.

उघड्या परातीचे आकडे आले आणि देवराव हरखला. दुसऱ्या केंद्रांत पाणी उडायचं त्याच्या दीडपट इथे उडत होतं. मे महिन्यात तर विचारूच नका. देवरावने निकाल दिला की इतकी वर्षं सगळा देश चुकीचं मोजत होता आणि नागपूरचं ऊन कोणालाच कळलं नव्हतं. नागपूरच्या उन्हाबद्दल कोणी वाढवून बोललं की नागपूरच्या माणसाला बरंच वाटतं. त्याने लेख लिहिला. दिल्लीला बोलावणं आलं. तिथे त्याने सूट घातला. तो मारोतरावच्या लग्नातला कोट होता, पण दिल्लीला काय माहीत.

केंद्राचे मुख्य होते मनोहरराव. गोरे, गुळगुळीत, बोलणं असं की प्रत्येक वाक्य जणू इस्त्री करून आणलेलं. त्यांनी देवरावचा आकडा उचलून पडद्याच्या खोलीत नेला आणि तिथे त्याचं धोरण झालं. उन्हाळ्यात संत्र्याला आठवड्याला पाण्याची एक पाळी द्यायचे त्या जागी दोन द्याव्यात, आणि आळं खोडापर्यंत काठोकाठ भरावं. पत्रकं छापली. वर पिवळं धम्मक संत्रं, खाली मनोहररावांचं नाव, आणि त्याखाली, मुंगीच्या अक्षरात, देवरावचं.

आता दाखवायला एखादी बाग हवी. देवराव केंद्राच्या नावाची पाटी घेऊन खाप्याला आला.

"वैनी, आपली बाग देतो. लोक येतीन पाह्याले."

यमुताईने बागेकडे पाहिलं. मारोतराव गेल्यावर तिच्यापाशी उरलेलं सगळं ते तेवढंच होतं. "झाडायले काई होनार नाई ना गा?"

"गनित हाय वैनी. भाऊ असता तर नाचला असता."

मोट असती तर हे संशोधन बैलांनीच हाणून पाडलं असतं. दुप्पट पाणी उपसायचं म्हटल्यावर ते खालीच बसले असते. पण तोवर विहिरीवर विजेचा पंप आला होता, आणि पंप काही बोलत नाही. यमुताई बटण दाबायची आणि काळ्या मातीत पाणी तुंबायचं.

पहिल्या उन्हाळ्यात झाडं हिरवीगार. मनोहरराव फोटोग्राफर घेऊन आले आणि झाडाला हात लावून उभे राहिले, जशी काही ती त्यांनीच जन्माला घातली. दुसऱ्या वर्षी पानं जरा पिवळी वाटली. तिसऱ्या उन्हाळ्यात, पंच्याहत्तर साली, यमुताईला विहिरीकडच्या ओळीत खोडांवर थेंब दिसले. तांबूस, चिकट. बोट लावलं तर सुटेना. साल फाटली होती आणि आतून डिंक गळत होता.

केंद्रातून जीप आली. रोगाच्या खोलीतले साहेब म्हणाले, "हा डिंक्या. हा रोग आहे. पाण्याशी याचा संबंध माझ्या कक्षेत येत नाही." मातीचे साहेब म्हणाले, माती उत्तम आहे. धोरणाच्या खोलीतले म्हणाले, पत्रक हिंदीतही छापून झालंय. देवराव म्हणाला, "पानी मापानंच देल्लं हाय."

यमुताई म्हणाली, "साहेब, झाड एकच हाय. त्याले चार खोल्या नाईत."

जीप धूळ उडवून गेली. यमुताईने त्या दिवसापासून पंपाचं बटण दाबलं नाही. पण पत्रक वाचून आजूबाजूचे लोक आपापलं बटण दाबतच होते, आणि तिच्या बागेतली पाटी त्यांना अजून बोलावतच होती. आठवडाभराने तिने खोडावरचा डिंक सोलून पळसाच्या पानात बांधला, एस.टी. पकडली आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात केंद्रावर पोचली. देवरावच्या टेबलावर डिंक आपटायचा आणि मोठ्या भावानेही कधी ऐकवलं नाही ते आपण ऐकवायचं, असं ती सावनेरपासून मनात घोळवत आली होती.

केंद्र झोपलं होतं. खोल्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, आतून घोरणं ऐकू येत होतं. चपराशाने एक डोळा उघडून सांगितलं की साहेब परातीचं माप घ्यायला येतीलच, बसा. ती लिंबाखाली बसली, त्या गंजक्या जाळीला टेकून. समोर परात होती.

परातीवर जत्रा भरली होती. काठावर कावळ्यांची रांग. एक कावळा आत उतरून पंख फडफडवून अंघोळ करत होता आणि दर फडफडीला पाणी बाहेर सांडत होतं. साळुंक्या आळीपाळीने चोच बुडवत होत्या. होले आले. एक खार आली, मागच्या पायांवर उभी राहून प्याली, गेली आणि आणखी दोघींना घेऊन आली. पार तिकडे हिंगण्यापर्यंत उन्हाळ्यात उघडं पाणी कुठे म्हणून नव्हतं. सगळ्या रस्त्याच्या पाखरांना हा पत्ता ठाऊक होता.

मग ताटी सरकली आणि देवराव आला. डोक्याला भली मोठी टोपी. टोपी दिसली तशी सगळी पाखरं भुर्रकन उडाली. देवराव परातीपाशी आला, वाकला, मापाचा हूक पाण्याला लावून डोळा बारीक करून पाहिला. पाणी शांत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. इतकी वर्षं त्याने असंच पाहिलं होतं.

त्याला वाकलेला पाहून यमुताईचा राग जरा निवला. उन्हाने त्याची मान काळी झाली होती.

"देवबा."

तो दचकला. "वैनी? तू कवा आली?"

"मघाशीच. बाकी काई केलं असन नसन, हे एक पुन्याचं काम मातर तू केलं गा. पाखरायले पानी ठेवलं."

"कोनत्या पाखरायले?"

"ह्याच. आता उडाले ना तुही टोपी पाहून."

देवरावने टोपी काढली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने पहिला कावळा परत आला. मग दुसरा. मग सगळी जत्रा परत भरली. अंघोळवाला कावळा आत उतरला आणि त्याने पंख फडफडवले, आणि पाण्याचा एक फवारा देवरावच्या बुटांपर्यंत आला.

तिला पानातला डिंक आपटायचं सुचलंच नाही. त्याच्या हातात पान देऊन ती म्हणाली, "हे तुह्या भावाच्या झाडाचं हाय," आणि परतीची एस.टी. धरायला निघाली.

आता कोणाला वाटेल की देवरावने दुसऱ्या दिवशी सगळं कबूल केलं. छे! संशोधक माणूस. त्याने आधी आठवडाभर झाडाआडून कावळे मोजले. मग मनोहररावांकडे गेला. मनोहररावांनी ऐकून घेतलं, पेपरवेट फिरवला.

"घोरमाडे, अहवालात कावळा लिहायचा कसा? समिती आहे, दिल्ली आहे."

"पन सर, लोक पानी देऊन राह्यले. झाडं सडून राह्यली."

"असं करू. जाळी परत बसवा. आकडे पुढच्या वर्षीपासून आपोआप कमी येतील. हवामानात फरक पडतोच. पत्रकाला हात लावायचा नाही. तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, एवढं ध्यानात असू द्या."

देवरावने जाळी बसवली आणि तोंडालाही बसवून घेतली. अख्खा पावसाळा तो खाप्याला आला नाही. यमुताईने निरोप धाडला की ओळ गेली, तरी नाही. शेजारच्या बागांतही डिंक दिसू लागला, तरी नाही. मारोतराव निदान वेडा तरी होता, ती म्हणायची. हा तर भ्याला, आणि ताण दिलेलं झाड भ्याल्यावर फुलतं तरी, याला तेही जमत नाही.

दिवाळीनंतर सावनेरला शेतकरी मेळावा होता. मांडव, कर्णा, मनोहरराव हारासकट. यमुताई बायकांच्या बाजूला बसली होती, ऐकायला नव्हे, बढती मिळालेलं तोंड कसं दिसतं ते पाहायला. देवरावला उठवलं ते आभार मानायला. त्याने कर्ण्यापुढे घसा साफ केला.

"उन्हायात दोन पाळ्या देऊ नका," तो म्हणाला. "जुन्यासारखी एकच द्या, अन् पानी खोडाले लागू देऊ नका. आमचं माप चुकलं. पानी उन्हानं नाई उडालं. कावये प्याले."

मागून कोणीतरी ओरडलं, "काय म्हनलं साहेब? कोन प्यालं?"

"कावये. अन् साळुंक्या. जाळी मीच काढली होती."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला. कोणी म्हणालं, आमच्या बागा कावळ्यांनी बुडवल्या का आता? कोणी चप्पल दाखवली. मनोहरराव हारासकट उठून गेले. देवराव तिथेच उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळून, लहानपणी चड्डी ओली झाल्यावर उभा राहायचा तसा. यमुताई हसली नाही. ती उठली, पुढे जाऊन म्हणाली, "चाल आता. भाकर खाऊन घे."

बढती गेली. त्याला परातीवरून काढून बियाण्यांच्या गोदामात बसवलं, जिथे मोजायला पोती सोडून काही नव्हतं. पत्रक कोणी मागे घेतलं नाही. केंद्रवाले ते वर्षानुवर्षं वाटत राहिले. देवरावचं नाव मात्र त्यावरून काढलं. सावनेर ते काटोल सगळे त्याला कावळेसाहेब म्हणू लागले. गोदामात नवीन लागलेली माणसं तेच आडनाव समजून पाकिटावर लिहायची, आणि तो ती पाकिटं मुकाट्याने घ्यायचा.

बाग निम्मी गेली. निम्मी उरली ती देवरावच्या ऐतवारांमुळे, हे यमुताईने त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. डिंक्याला उपाय म्हणजे साल खरवडून त्यावर मोरचूद, म्हणजे ते निळं विषारी तांब्याचं मीठ, आणि चुन्याचा लेप. तो दर ऐतवारी पहिल्या गाडीने यायचा. खोडाभोवती मातीचा गोल बांध घालायचा, पाणी सालीला लागू नये म्हणून. लेप मडक्यातच कालवायचा, लोखंड लागलं की तो बिघडतो म्हणून. यमुताईने एकदा लोखंडी घमेलं पुढे केलं तर असा ओरडला, जसं काही तिने त्यात साप आणला. कालवून झालं की चाकूचं स्वच्छ पातं बुडवायचा. पातं तांबूस झालं तर चुना कमी, अजून घालायचा. इतकं शिकून सवरून त्याच्याकडे शेवटी माप उरलं ते एवढं, एक चाकू. आणि हो, लेप लावायच्या आधी आता तो प्रत्येक झाडाचं पान चिमटीत धरून बघायचा. त्यात त्याला काय दिसायचं कोणास ठाऊक. तोंडाने म्हणायचा मात्र, "हं."

अशी दहा-बारा वर्षं गेली. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात तो आला, ती त्याची शेवटची खेप होती. पुढच्या ऐतवाराच्या आत गोदामातच छातीत कळ येऊन तो गेला. पण त्या दिवशी असं काही कोणाला दिसलं नाही. तो नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेली मोरचुदाची पुडी आणि चुन्याची पिशवी घेऊन आला, नेहमीसारखा घामाने निथळत.

"चुना खाप्यात भेटत नाई काय गा? नागपूरहून वझं कायले वाहते?"

"इथल्या चुन्यात खडे रायतेत वैनी."

"तुह्याच डोस्क्यात हायेत खडे."

त्याने मडकं धुतलं. कालवलं. पातं बुडवलं, तांबूस निघालं, चिमूटभर चुना टाकला, पुन्हा बुडवलं. कुंच्याने एकेक खोड रंगवत गेला, गुडघ्याएवढं उंच, सगळीकडे सारखं. एका फांदीवर कावळा बसून ओरडत होता. देवरावने वर पाहिलं नाही. यमुताईने चहा आणला तो त्याला जरा जास्तच गोड वाटला, तसा तो त्याला नेहमीच वाटायचा. बांधाकडचं शेवटचं झाड राहिलं होतं आणि लेप संपला.

"ते राह्यलं," यमुताई म्हणाली.

"पाह्यलं मी त्याचं पान. ते आठ दिवस दम धरते." त्याने मडक्यात पाणी ओतून त्यातच कुंचा धुतला, हात धुतले, टोपी घातली आणि गाडी चुकू नये म्हणून बांधावरून लगबगीने निघाला.

"मडकं पालथं घालजो वैनी," तो वळून ओरडला. "कावये पेतीन. मोरचूद हाय त्यात."